ट्रेल ऑफ टाइम, ग्रँड कॅन्यन : दर मीटरला दहा लाख वर्षं

अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर येणारी बहुतेक मंडळी मॅथर पॉइंटला फोटो काढतात, ‘बापरे’ म्हणतात आणि तासाभरात परतीच्या रस्त्याला लागतात. तिथून जवळच, यावापाय जिऑलॉजी म्युझियमपासून गावाकडे जाणाऱ्या पक्क्या पायवाटेवर, पृथ्वीचा इतिहास मोजून मांडून ठेवलाय. त्याला वेगळं तिकीट नाही, पार्कात शिरताना दिलेल्या पैशांतच ते येतं. ऑक्टोबर २०१० मध्ये ही ‘ट्रेल ऑफ टाइम’ खुली झाली. कार्ल कार्लस्ट्रॉम आणि लॉरा क्रॉसी हे न्यू मेक्सिको विद्यापीठाचे भूवैज्ञानिक या कामात पुढे होते आणि नॅशनल सायन्स फाउंडेशनने त्याला पैसा दिला.

भूशास्त्रीय काळ समजावणाऱ्या बाकीच्या साधनांपेक्षा ही वाट सरस आहे, आणि त्याचं कारण एकच: ती प्रमाणाशी लबाडी करत नाही. भूवैज्ञानिक स्वतः जो आंतरराष्ट्रीय कालपट वापरतात तो बघा. चार उभे रकाने. त्यातले तीन शेवटच्या ५४ कोटी वर्षांना दिलेले, आणि त्याआधीची ४०० कोटींहून जास्त वर्षं चौथ्या रकान्यात कोंबलेली. म्हणजे इतिहासाचे ८८ टक्के पाव पानात. तज्ज्ञांना त्याने काही बिघडत नाही, कारण त्यांना तो पट कामासाठी हवा असतो. पण पहिल्यांदा बघणाऱ्याच्या डोक्यात प्रमाण कायमचं उलटं बसतं. ट्रेल ऑफ टाइमवर हे होत नाही. तिथे काहीही न घडलेल्या, म्हणजे खरं तर काही शिल्लक न राहिलेल्या, काळालाही त्याची पूर्ण लांबी मिळते आणि ती पायांनी भरावी लागते.

वाटेत दर मीटरला कांस्याची एक चकती बसवलेली आहे. एक चकती म्हणजे दहा लाख वर्षं. दर दहाव्या चकतीवर आकडा, आणि तो मिलियनमध्ये. आपल्या हिशेबाला हे फार सोयीचं पडतं. दहा मीटर म्हणजे बरोबर एक कोटी, तेव्हा आकड्याचं शेवटचं शून्य झाकलं की कोटी हातात. २७० दिसलं तर २७ कोटी, १७५० दिसलं तर १७५ कोटी. खालच्या बाजूला एक मिलिमीटर म्हणजे हजार वर्षं. बरोबर मुलं असतील तर एवढे दोनच हिशेब आधी सांगून ठेवावेत. ‘एक पाऊल म्हणजे दहा लाख वर्षं’ हे मात्र सांगू नये. मोठ्या माणसाचं पाऊल पाऊण मीटरच्या आसपास पडतं, लहान मुलाचं अर्ध्या. दोनशे चकत्यांवर बापाची अडीचशेच्या वर पावलं होतात आणि मुलाची चारशे, मग वाद सुरू. मोजायच्या तर चकत्या मोजाव्यात.

यावापायच्या बाजूने शिरलात तर पहिला तुकडा जरा फसवा आहे. त्याला ‘मिलियन इयर ट्रेल’ म्हणतात. इथे सुरुवातीला एक मीटर म्हणजे एक वर्ष, मग दहा वर्षं, शंभर, हजार, असं करत करत दहा लाखांपर्यंत नेलंय. माणसाच्या आयुष्यातून एकदम कोटींत उडी मारायला लागू नये हा हेतू, आणि तो चांगलाच आहे. पण अख्ख्या वाटेवर प्रमाण बदलतं ते फक्त इथे, आणि फलक न वाचता चालत सुटणाऱ्याला ते कळतच नाही. मग पुढच्या आकड्यांशी मेळ बसत नाही. एकतर हा तुकडा सावकाश, फलक वाचत करा, नाहीतर सरळ सोडून द्या आणि मुख्य वाटेच्या शून्यापासून मोजायला लागा. अर्धवट करू नका.

मुख्य वाट साधारण दोन किलोमीटर आहे आणि व्हरकॅम्प्स व्हिजिटर सेंटरपाशी २०० कोटी वर्षांवर संपते. कॅन्यनमधल्या प्रत्येक थराचा दगड त्याच्या वयाच्या चकतीपाशी ओट्यावर बसवलाय. त्याच्या काही बाजू घासून गुळगुळीत केल्या आहेत. हात लावायला मनाई नाही, उलट हात लावावा म्हणूनच तो तिथे आहे. काही ठिकाणी दिशा पक्की केलेल्या नळ्या आहेत. त्यातून पाहिलं की तोच थर समोरच्या कड्यात नेमका कुठे आहे ते दिसतं. दगड हाताशी आणि थर डोळ्यासमोर, ही जोडी या वाटेची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे.

तिचा सगळ्यात चांगला उपयोग रेडवॉलपाशी होतो. ३४० च्या आसपास हा चुनखडक येतो. नळीतून पाहिलं तर समोर सुमारे दीडशे मीटर उंचीचा सरळसोट लाल कडा. ओट्यावरच्या दगडाची घासलेली बाजू मात्र राखाडी. चुकीचा दगड ठेवलाय असं वाटून लोक फलक पुन्हा वाचतात. दगड बरोबरच आहे. रेडवॉल मुळात राखाडीच. त्याच्या वरच्या सुपाई आणि हर्मिट या थरांतलं लोह पावसाच्या पाण्याबरोबर ओघळून कड्याच्या तोंडावर बसलंय आणि त्याने तो रंगलाय. लाली वरवरची आहे. नुसत्या कड्याच्या फोटोवरून हे कधीच कळलं नसतं.

आता सुरुवातीच्या २७० मीटरविषयी, कारण बहुतेकांची निराशा तिथे होते. या टप्प्यात काठावरच्या थरांचा एकही दगड नाही. आपण उभे असतो तो कायबाब चुनखडकच २७ कोटी वर्षांचा, त्याहून तरुण थर इथून झिजून गेले. ते बघायचे तर उत्तरेला युटामध्ये झायनला जावं लागतं. म्हणूनच ग्रँड कॅन्यनमध्ये डायनोसॉरची हाडं सापडत नाहीत. काठापासून नदीपर्यंतचा प्रत्येक थर पहिल्या डायनोसॉरपेक्षा जुना आहे. लहान मुलांचा हा पहिला प्रश्न असतो, तेव्हा उत्तर आधीच तयार ठेवावं. मोठ्यांची गल्लत वेगळीच. दगड १८० कोटी वर्षांचे म्हणजे दरी १८० कोटी वर्षांची, असं ते धरून चालतात. आज दिसते तशी ही दरी कोलोरॅडो नदीने मुख्यतः गेल्या ५०-६० लाख वर्षांत कोरली, म्हणजे शून्यापासून पाच-सहा चकत्या. खाली वाकून त्या सहा चकत्या बघायच्या आणि मग मान वर करून दरी बघायची. दगडाचं वय आणि दरीचं वय वेगळं, हे तिथल्या तिथे कळतं.

आपल्याकडच्या माणसाने ६६ व्या चकतीपाशी थांबावं. तिथे आपला सह्याद्री आहे. दख्खनचा लाव्हा ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि पश्चिम घाटात दिसणाऱ्या लाव्ह्याचा मोठा भाग दहा लाखांपेक्षा कमी वर्षांत साचला. कळसूबाईच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंतचा आणि तिथून महाबळेश्वरपर्यंतचा काळा कातळ साधारणपणे दोन चकत्यांच्या मधल्या फटीत मावतो. एकावर एक चढलेले लाव्ह्याचे थर ज्यांनी घाटातून जाताना पाहिले आहेत त्यांना ती फट विलक्षण वाटेल. आणि आपण जिला ‘अतिप्राचीन’ म्हणतो ती अजिंठ्याची सगळ्यात जुनी लेणी शून्यापासून जेमतेम दोन मिलिमीटरवर.

रेडवॉल सोडून पुढे निघालात की ३८५ च्या सुमारास टेंपल ब्यूटचा दगड येतो. त्यानंतर ५०० च्या आसपास मुआव्ह चुनखडक येईपर्यंत शंभर मीटरहून जास्त चालावं लागतं आणि वाटेत एकही दगड नाही. पाटी हरवली नाही की चोरीला गेली नाही. त्या काळातले इथले खडक उरलेच नाहीत. समोरच्या कड्यात हे शोधायला गेलात तर फट, पोकळी असलं काही सापडणार नाही. एका थरावर दुसरा थर नीट बसलेला दिसतो, मधे फक्त एक रेघ. दीडशे मीटरचा रेडवॉलचा कडा डोळ्यात भरतो आणि त्याच्या पायथ्याच्या त्या रेघेकडे कुणी पाहतही नाही, जरी तिच्यात ११ कोटींहून जास्त वर्षं गेली असली. टेंपल ब्यूट सलग पसरलेला नसल्यामुळे पुष्कळ ठिकाणी रेडवॉल थेट मुआव्हवर बसलाय, तिथे ती रेघ १६ कोटी वर्षांची होते. थराची जाडी आणि काळाची लांबी यांचा संबंध लावता येत नाही, हे भूशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात आणि परीक्षा झाली की विसरलं जातं. इथे ते शंभर मीटर उन्हात चालायला लागतात, मग नाही विसरत. कंटाळवाणा टप्पा म्हणून पुष्कळ जण इथे पाय उचलतात. या वाटेवर सावकाश चालण्यासारखी एकच जागा निवडायची असेल तर ती हीच.

याहून मोठी रेघ आणखी खाली आहे, प्रसिद्ध ‘ग्रेट अनकन्फॉर्मिटी’, म्हणजे थरांच्या नोंदीतला मोठा खंड. नदीजवळच्या आतल्या घळीत टॅपीट्स वालुकाश्म थेट विष्णू शिस्टवर (उष्णता आणि दाबाने बदललेला पापुद्रेदार खडक) बसलाय. वरचा सुमारे ५०.८ कोटी वर्षांचा, खालचा १७५ कोटींचा. मधे सव्वाशे कोटी वर्षं गायब. वाटेवर हे अंतर सव्वा किलोमीटरच्या आसपास येतं, रमतगमत वीस मिनिटांचं. पण इथे एक घोटाळा होतो आणि तो जाणकारांनाही चकवतो. सव्वाशे कोटी वर्षं गायब म्हणताना त्याच टप्प्यात दगड मांडलेले दिसतात: ७३ ते ७८ कोटींचा चुआर गट, ११० कोटींच्या आसपासचा कार्डेनस बेसाल्ट, १२५ कोटींचा बास चुनखडक. मग गायब काय झालं? त्याचं असं आहे, की हे थर एके काळी इथे सगळीकडे होते. नंतर कवच ताणलं गेलं, प्रस्तरभंग झाले, म्हणजे खडक भेगांवर तुटून सरकले, काही ठोकळे कलंडून खाली खचले. उंच राहिलेल्या भागावरचे थर झिजून साफ झाले, खचलेल्या ठोकळ्यांतले वाचले. म्हणून एका जागी रेघ सव्वाशे कोटींची असते आणि काही किलोमीटरवर तीच रेघ बरीच लहान होते. काठावरून सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात नदीजवळ पाहिलं तर वरच्या आडव्या थरांखाली हे कललेले तांबूस थर ओळखू येतात. भर दुपारी सगळं सपाट दिसतं, तेव्हा त्यांच्या नादी लागू नये.

बास चुनखडकात स्ट्रोमॅटोलाइट आहेत, सूक्ष्मजीवांच्या चटयांनी एकावर एक रचलेले पापुद्रे. डोळ्यांनी दिसणारी जीवसृष्टीची ही इथली सगळ्यात जुनी खूण. ती पाहून पुढे गेलात की पुन्हा लांबलचक, जवळजवळ मोकळी वाट, साधारण १६६० पर्यंत. तिथून १८४० पर्यंत तळघरातले, म्हणजे सगळ्या थरांच्या खाली पाया म्हणून असलेले, खडक.

आणि तिथे मराठी माणसाला हसू येतं, कारण एकापाठोपाठ एक विष्णू शिस्ट, ब्रह्मा शिस्ट आणि रामा शिस्ट. एकोणिसाव्या शतकात भूवैज्ञानिक क्लॅरेन्स डटन यांनी इथल्या सुळक्यांना विष्णूचं देऊळ, शिवाचं देऊळ अशी नावं दिली आणि नंतरच्यांनी ती रीत पुढे चालवली. झोरोॲस्टर ग्रॅनाइटही त्याच पंगतीतला. गंमत बाजूला ठेवून दगड नीट बघावेत. रामा आणि ब्रह्मा हे ज्वालामुखींच्या बेटांवरचे खडक, विष्णू त्या बेटांभोवतीच्या समुद्रातला चिखल आणि वाळू. सगळंच वीसेक किलोमीटर खोल गाडलं गेलं, तापलं, चेपलं आणि त्यात वितळलेला ग्रॅनाइट शिरला. घासलेल्या बाजूवर अभ्रकाची चमक आणि पिळवटलेले पट्टे स्पष्ट दिसतात. सगळ्यात जुना एल्व्ह्ज कॅझम नाइस (नाइस म्हणजे असाच बदललेला पट्टेदार खडक), १८४ कोटी.

इतकी नेमकी वर्षं कळतात कशी, हे फलकांनी आणखी ठळकपणे सांगायला हवं होतं. ग्रॅनाइट आणि नाइसचं वय थेट मिळतं. त्यांत झिर्कॉन या खनिजाचे बारीक स्फटिक असतात. स्फटिक बनताना युरेनियम आत घेतं, शिसं जवळजवळ घेतच नाही, म्हणून आज आत सापडणारं शिसं युरेनियमच्या क्षयातून आलेलं असतं. युरेनियम-२३८ निम्मं व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात, त्या वेगाने मागे मोजत जायचं. वालुकाश्माला हे थेट लागू पडत नाही, कारण त्यातला प्रत्येक कण आधीच्या कुठल्या तरी खडकातून झिजून आलेला, म्हणजे वालुकाश्मापेक्षा जुना. तिथे शेकडो कण तपासून सगळ्यात तरुण कण शोधतात. वालुकाश्म त्याहून जुना असू शकत नाही. टॅपीट्सचं वय आधी ५२.५ कोटी धरत. २०१८ मध्ये अशाच कणांवरून ते ५०.८ कोटींच्या आसपास आणलं गेलं. वाटेवरच्या हिशेबाने दगड सतरा मीटर सरकला. जुन्या पुस्तकांत आणि काठावरच्या दुकानांतल्या तक्त्यांवर ५२५ दिसलं तर त्याचं कारण हे.

व्हरकॅम्प्सनंतर वाट ‘अर्ली अर्थ ट्रेल’ म्हणून पुढे गावातून मॅरिकोपा पॉइंटकडे जाते आणि ४५६० वर संपते. एकूण ४.५६ किलोमीटर. इथे कॅन्यनचा दगड नाही, कारण तेवढा जुना इथे कोणताच नाही. निव्वळ दगड बघायला आलेल्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. काळाच्या लांबीसाठी आलेल्यांनी सोडू नये, कारण वाटेचा निम्म्याहून जास्त भाग अजून पुढेच असतो. गोव्याच्या लोकांनी तर मुद्दाम जावं: गोव्याच्या पायातले नाइस २५० कोटी वर्षांपेक्षा जुने, म्हणजे सह्याद्री पहिल्या मिनिटात मागे पडतो आणि गोवा गाठायला विष्णू-ब्रह्मा ओलांडून आणखी पाऊण किलोमीटर जावं लागतं. शेवटच्या आकड्याचं मूळही अ‍ॅरिझोनातलंच. भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये पृथ्वीचं वय ४५५ कोटी ठरवलं, ते कॅन्यन डायब्लो या लोखंडी उल्केतल्या शिशावरून. ती उल्का पडली तो मीटिऑर क्रेटर फ्लॅगस्टाफच्या पूर्वेला गाडीने तासाभराच्या आत आहे. विवर सुमारे ५०,००० वर्षांचं, या वाटेवर पाच सेंटीमीटर.

पूर्ण वाट करायची तर सरळ दिशेने करू नका. सगळे यावापायहून निघतात आणि मॅरिकोपाला पोचून अडकतात. मार्च ते नोव्हेंबर तिथे फक्त लाल मार्गाची मोफत बस जाते. ती जाताना मॅरिकोपाला थांबते, परतताना थांबत नाही. परतीची बस पकडायला पॉवेल पॉइंटपर्यंत आणखी चालावं लागतं. शिवाय ब्राइट एंजल ट्रेलच्या तोंडापासून पुढे चढ आहे आणि उंची समुद्रसपाटीपासून २,१०० मीटरच्या आसपास, तेव्हा दम लागतो. त्यापेक्षा सकाळी लाल बसने मॅरिकोपाला उतरा आणि ४५६० पासून आजकडे चालत या. चढाचा उतार होतो, दगड जुन्याकडून नव्याकडे येतात, आणि यावापायला नारिंगी मार्गाची बस मिळते. थांबे अधूनमधून बदलतात, त्या दिवसाचा नकाशा बघून घ्या. फलक वाचत गेलात तर मुख्य वाटेलाच दीड-दोन तास लागतात, पूर्ण वाटेला अर्धा दिवस धरा. माणशी दीड-दोन लिटर पाणी, टोपी. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजा होतात, तेव्हा काठावर थांबायचं नाही. हिवाळ्यात सावलीतल्या फरशीवर बर्फ गोठतो. मुख्य वाट व्हीलचेअरला आणि बाबागाडीला ठीक आहे. शेवट यावापाय म्युझियममध्ये करा. १९२८ साली बांधलेली ही इमारत भूवैज्ञानिकांनी जागा निवडून उभारलेली आहे, आणि मोठ्या काचांतून सगळे थर एका नजरेत येतात.

अमेरिकेला जाणं होणार नसेल तर सोसायटीच्या आवारात किंवा शाळेच्या मैदानावर एक सेंटीमीटरला दहा लाख वर्षं धरून हेच करता येतं. ४५.६ मीटर जागा, खडू आणि फायबरची टेप. आजपासून ३ मिलिमीटरवर आपली माणसाची जात, ६६ सेंटीमीटरवर दख्खनचा लाव्हा, साधारण २.३ मीटरवर पहिले डायनोसॉर, ५.४ मीटरवर कँब्रियन कालखंडाची सुरुवात, २४ मीटरच्या आसपास हवेत ऑक्सिजन साचायला लागला ती वेळ, ३५ मीटरच्या सुमारास जीवसृष्टीचे सर्वमान्य जुने पुरावे, आणि ४५.६ वर शेवटची रेघ. टेप ५० मीटरची घ्या. ३० मीटरची घेतली की ती २४ च्या रेघेनंतर संपते, आणि मग ‘उरलेलं जरा आखडून घेऊ’ असं कुणीतरी म्हणतं. ते ऐकू नका. ३० वर खूण करून टेप पुन्हा तिथून लावा.